बैल नसलेल्याचा मान

पोळ्याच्या दिवशी ऊन उतरायला लागलं तसा कर्नल मार्तंडराव जवळेकरांनी बंद गळ्याचा कोट चढवला, छातीवरची पदकं सारखी केली, आणि आरशातूनच मागं उभ्या असलेल्या बायकोला विचारलं, "नीला, आपण निघालोत कुठं?"

नीलांबरीच्या हातातली वेताची काठी हातातच राहिली. ह्याच काठीनं ते दर पोळ्याला तोरण तोडत.

"पल्याड, येळवीला. तोरण तोडायचंय ना?"

"हां, तोरण." ते हसले. "तुझी परीक्षा घेत होतो."

तीही हसली.  संक्रांतीपासून ती असंच हसत आली होती. ओठावर हसू ठेवायचं आणि डोळ्यांनी त्यांच्या डोळ्यांत शोधायचं, की आत्ता आत कोण आहे. आपला माणूस आहे, की तो दुसरा, जो कुठल्यातरी जुन्या डोंगरात हरवलेला आहे.

संक्रांतीच्या सुमाराला नांदेडच्या डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं. विसरणं वाढत जाईल. कधी मागच्या काळात जातील आणि तिथलंच खरं धरतील. रागावू नका, वाद घालू नका, पण भोवतीच्या माणसांना सांगून ठेवा. परतताना नरसीच्या फाट्यावर चहाला थांबले, तेव्हा मार्तंडराव अगदी शुद्धीत होते. कपातला चहा तसाच ठेवून म्हणाले, "गोळी लागून गेलो असतो तर नावाची कमान झाली असती. असा गेलो तर पोरं नकला करतील. नीला, माझं हसं होऊ देऊ नको. तेवढं एक सांभाळ." तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी तिच्याकडं काही मागितलं ते तेव्हाच.

म्हणून तिनं कोणालाच सांगितलं नाही.

त्यांच्या आमदारकीच्या सभांत ती त्यांच्या उजव्या खांद्यामागं उभी राही. माणूस पायऱ्या चढून यायच्या आत त्याचं नाव, गाव, लेकीचं लग्न, सगळं हलकेच कानात घाली. लोक म्हणत, बाईसाहेब म्हणजे सावली. आणि जिथं सावली पोचत नसे तिथं लोकच सांभाळून घेत. हेच तर भयंकर होतं. पक्षाचं काम बघणारा माऊली रोज सकाळी वाड्यावस्त्यांची खबर घेऊन यायचा. एकदा साहेबांनी त्याच्याकडं रोखून पाहिलं आणि विचारलं, "तू कोण?" माऊलीचा चेहरा उतरला. ओसरीवर येऊन नीलांबरीला म्हणाला, "बाईसाहेब, माझंच चुकलं. मी चार रोज तिकडल्या गटासंग चहा पेलो ते साहेबायच्या कानावर गेलं जणू. इतका मोठा माणूस वळख सोडतो म्हंजी कारण असनच की. तुमी सांगा त्यायला, माऊली तुमचाच हाय."

ती काय सांगणार होती!

आणि जवळा बाजारचा तो दिवस. बाजार भरलेला, कापसाच्या गाड्या दोन्ही अंगाला, आणि साहेब भर रस्त्यात जीप थांबवून खाली उतरले. दुकानांच्या माडीकडं बघत उभे राहिले. "वरती कोण आहे? खाली वाका सगळे." लोक खाली वाकले. वाकून वर बघायला लागले. वर विजेच्या तारा लोंबत होत्या. संध्याकाळपर्यंत अख्ख्या बाजारात झालं की साहेबांची नजर ती नजर, लोंबती तार त्यांना बरोबर दिसली, आपण रोज तिच्याखालून जातो पण आपले डोळे फुटलेले. दुसऱ्या दिवशी माणसं येऊन तारा ओढून गेली. नीलांबरी जीपमध्ये मान खाली घालून बसली होती आणि बाहेर लोक त्यांच्या नावानं टाळ्या वाजवत होते.

इतका विश्वास माणसानं कमवावा तरी कसा? त्यांनी तो कमावला होता, फुकट मिळाला नव्हता. औंढ्याच्या बाजूला महादेवाला बेल वाहणाऱ्या गुरवाचं पोरगं. देवळाच्या पायरीवर शिकलं, फौजेत गेलं, अधिकारी झालं. उत्तरेकडच्या एका डोंगरात, पुराच्या नाल्यापलीकडं ठाण्यावर अडकलेली माणसं त्यांनी दोराला दोर बांधून सोडवून आणली. त्या नाल्यात येळवीचा पुंजाजी वाहून गेला. पुंजाजीचा धाकटा भाऊ संतराम त्याच पलटणीत होता. दोराचं एक टोक त्याच्या कमरेला होतं. भाऊ हातातून सुटला तरी त्यानं दोर सोडला नाही, कारण साहेबांचा हुकूम दोर धरायचा होता. गावच्या वेशीला आज पुंजाजीच्या नावाची कमान आहे, आणि तिच्याखालून जाताना म्हातारीकोतारी अजून हात जोडतात.

निवृत्त होऊन मार्तंडरावांनी कयाधूच्या अलीकडच्या काठाला रान घेतलं, घर बांधलं, मैदान काढलं. भरतीला जाणाऱ्या पोरापोरींना फुकट शिकवायला लागले. संतराम हवालदार होऊन परतला, बायकोपोरांसह मैदानालगतच राहिला आणि मैदान त्यानं अंगावर घेतलं. साहेबांनी शिकवलेला पहिला धडा एकच होता. हुकूम आला की विचार करायचा नाही. विचार करणारा मरतो आणि शेजारच्याला मारतो. ह्या धड्यावर कितीतरी लेकरं पोलिसात लागली, फौजेत गेली, घरं उभी राहिली.

पण ते आमदार झाले ते पोळ्यामुळं. येळवीत वरची आळी आणि खालची आळी. तोरणाखालून पहिली जोडी कोणाची, ह्यावरून दर पोळ्याला काठ्या निघायच्या, डोकी फुटायची. एका वर्षी काठ्या वर उठलेल्या असताना हा माणूस मधे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मला मारा आणि मग बैल न्या." काठ्या खाली आल्या. त्या दिवशी गावानं ठरवलं, ज्याच्या दावणीला बैलच नाही त्याला मान द्यायचा. तोरण साहेब तोडतील, मग दोन्ही आळ्यांचे बैल बरोबरीनं सुटतील. पोळ्याला बैलांपुढं झडत्यांची कवनं म्हणणाऱ्यांनी लगेच झडती रचली, ती आता चिल्ल्यापिल्ल्यांनाही पाठ आहे:

वरल्या आळीचा ढवळा, खालल्या आळीचा पवळा,
मानापायी दोघांचा जीव झाला कावळा;
साहेबाच्या दावणीला न्हाई एक वासरू,
तोच तोडीन तोरण, बाकी मागं सरू!
हर बोला, हर हर महादेव!

असा तो मान. त्यावर निवडणूक, त्यावर आमदारकी. आणि आता पुन्हा निवडणूक तोंडावर आलेली. तिकिटाचं बघायला पक्षाचे निरीक्षक खास पोळ्याचा दिवस धरून आले होते. साहेबांचं वजन त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं.

मैदानावर आले तेव्हा पोरं-पोरी रांगेत उभी होती, बूट चकचकीत, पाठी ताठ. दरवर्षीसारखं साहेबांच्या मागं चालत, बुटक्या पुलावरून नदी ओलांडून वेशीपर्यंत जायचं. पण वर कुठंतरी रात्रभर पाऊस कोसळला होता. कयाधू तांबडीलाल होऊन पुलावरून वाहत होती. पुलाचे कठडे नव्हतेच कधी. आता पूलही नव्हता, नुसती पाण्याला आलेली एक लांब सुरकुती होती. तेवढ्यावरून ओळखायचं की खाली पूल आहे.

पलीकडच्या काठावर सगळं गाव. झुली घातलेले बैल, रंगवलेली शिंगं, बेगडाची चमक, घुंगरांचा आवाज. वरची आळी एका अंगाला, खालची एका अंगाला, मधे तोरण. तोरणाखाली पाट टाकून भिकाबाई बसलेली, पुंजाजी-संतरामची आई. दर पोळ्याला साहेबांना पहिलं ती ओवाळायची. एवढ्या लांबून तिचं तोंड दिसत नव्हतं, पण पांढरा पदर दिसत होता.

"साहेब," संतराम म्हणाला, "मोठ्या पुलावरून जीपनं जावं. लांब पडतं, पण दुसरं काय?"

"दिवस बुडंल की तवर," माऊली म्हणाला. "दिवस बुडायच्या आत तोरण न्हाई तुटलं तर दोन्ही आळ्या एकमेकाच्या उरावर बसतेन. आत्ताच गुरगुर सुरू झाली जणू." आणि निरीक्षकांकडं वळून, जरा हसून, "पण आमचे साहेब हायेत. निघंल काही वाट."

निरीक्षकांनी पाण्याकडं पाहिलं. "जपून हो. राहू द्या यंदा."

 मार्तंडराव पाण्याकडं बघत होते. नीलांबरी त्यांच्या उजव्या खांद्यामागं होती, म्हणून तिला तो बदल पाठीवरूनच कळला. वयानं आलेला बाक सरळ झाला. मान वर गेली. वेताची काठी त्यांनी बगलेत मारली, फौजेत मारायचे तशी.

"पुंजाजी पलीकडं आहे," ते पुटपुटले.

तेवढं तिलाच ऐकू आलं. 

"अहो," ती हळूच म्हणाली, "घरी जाऊ. तुम्हाला बरं वाटत नाही."

त्यांनी ऐकलं नाही. जुना, खणखणीत आवाज मैदानभर गेला, जो ऐकून कधीकाळी डोंगरात माणसं उठून धावली होती. "संतराम! दोर!"

"जी साहेब!"

"दोराला दोर बांध. एकेक करून. पहिला माणूस पोचला की पलीकडं झाडाला गाठ. कोणी मागं बघायचं नाही."

 मैदानावर पोरांनी एकच आरोळी ठोकली. नाल्याची गोष्ट प्रत्येकाला पाठ होती. निजताना आयांनी सांगितलेली, शाळेत गॅदरिंगला नाटकात केलेली. आज साहेब ती गोष्ट डोळ्यांसमोर करून दाखवणार, आणि आपण त्या गोष्टीत! माऊलीच्या डोळ्यांत पाणी आलं. निरीक्षकांनी मोबाइल काढून समोर धरला.

"बघा," माऊली त्यांना म्हणाला, "अख्ख्या जिल्ह्यात असा एक माणूस दावा मला."

कमरेला दोर बांधायला पहिली पुढं आली ती सृष्टी, संतरामची थोरली पोरगी. पोहण्यात तिचा हात धरणारं त्या रांगेत कोणी नव्हतं. केस घट्ट बांधलेले, ओठ मिटलेले, डोळ्यांत दिवाळी.

नीलांबरी संतरामकडं धावली. "संतराम, थांबवा हे."

"बाईसाहेब, साहेब बोलले की."

"तुमची पोरगी आहे ती!"

"म्हणून तर पुढं हाय." संतराम गाठ आवळत होता. वर बघत नव्हता. "दुसऱ्याचं लेकरू पुढं करून माझं मागं ठेवू व्हय? साहेबांनी तवा असं न्हाई शिकवलं."

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती हो. आज..." आणि तिची जीभ अडकली. नरसीच्या फाट्यावरचा तो निवत चाललेला चहा आठवला. तेवढं एक सांभाळ.

"आज काय, बाईसाहेब?"

"आज पाणी फार आहे," ती म्हणाली.

बोलली आणि स्वतःचीच तिला शिसारी आली. संतराम समजुतीनं हसला. बाईमाणूस भितं, त्याला काय करणार, असं ते हसू होतं.

ती सृष्टीकडं गेली. पोरीचं मनगट धरलं. "बाळा, नको जाऊ. मी सांगते म्हणून नको जाऊ."

"काकू, काहून भेता?" सृष्टीनं तिचा हात हलकेच सोडवला. "साहेब हायेत न उभे."

आणि ती पाण्यात उतरली.

पहिल्यांदा घोटा गेला, मग पोटरी, मग गुडघा. सृष्टी पाऊल टाकायच्या आधी पायानं पूल चाचपत होती. पाणी तिच्या एका अंगाला उंच होऊन फुटत होतं. काठावर पोरांनी दोर धरलेला, आणि ताल धरून झडती म्हणायला लागलेली. दुसरा पोरगा कमरेला दोर बांधून काठाशी आला. तिसरा त्याच्या मागं. मार्तंडराव पाण्याच्या कडेला उभे होते, बूट ओले, डोळे पलीकडं. त्या डोळ्यांत कयाधू नव्हती. तिथं बर्फाचं पाणी होतं, अंधार होता, आणि हाका मारणारी माणसं होती.

मागून बायकांच्या घोळक्यातून कोणीतरी पुढं ढकलत आलं. संतरामची बायको, नर्मदाबाई. पुरणाचे हात तसेच. "कोण हाय ती पाण्यात? माझी सृष्टी हाय का?" तिला कोणीतरी कौतुकानं सांगितलं, व्हय, तुझीच वाघीण हाय. नर्मदाबाईनं पदर तोंडात धरला. नवऱ्याला हाक मारायला तोंड उघडलं आणि साहेबांकडं पाहून मिटलं.  साहेब उभे होते ना.

नीलांबरीनं ते मिटलेलं तोंड पाहिलं. ह्या काठावर ओरडायला कोणी मोकळंच नाही, हे तिला तेव्हा कळलं. पोर पाण्यात, बाप दोरावर, आई पदर चावते आहे, आणि सगळ्यांना भीती वाटते आहे, पण भीतीपेक्षा विश्वास मोठा. ह्या विश्वासाच्या आत काही उरलेलं नाही, हे माहीत असलेली बाई ह्या काठावर एकच होती.

जीपवर भोंगा बांधला होता, निरीक्षकांच्या स्वागताचा. माऊलीच्या हातात बिनतारी माइक होता. तिनं तो ओढून घेतला.

"अहो!"

भोंग्यातून ती हाक दोन्ही काठांवर गेली. बायकोनं नवऱ्याला माइकवरून अहो म्हणावं! पलीकडं कोणीतरी हसलं. अलीकडच्या पोरांची झडती तुटली. मार्तंडराव मात्र वळले नाहीत.

थांबा म्हणून कोणी थांबणार नव्हतं. साहेबांना बरं नाही म्हटलं तर माऊली म्हणाला असता, वाघाला ताप आला तरी वाघच. आता एकच उरलं होतं. ते तिच्या तोंडून निघू नये म्हणून तिनं पौषापासून श्रावणापर्यंत जीव घोटला होता.

ती त्यांच्यापाशी गेली. माइक त्यांच्या तोंडाजवळ धरला. तिनं आवाज हुकमासारखा केला, कारण आत्ता त्यांना तेवढाच आवाज ऐकू येत होता.

"कर्नल साहेब! पुंजाजी कुठं आहे?"

मार्तंडराव ताठ झाले. टाचेला टाच लागली.

"पुंजाजी पलीकडं आहे," भोंगा बोलला. "जिवंत आहे, हाका मारतोय. मी त्याच्या आईला शब्द दिलाय, त्याला घेऊन येतो. तुम्हाला ऐकू येत नाही का? पुंजाजी हाका मारतोय!"

 पाण्याचा आवाज तेवढा होता, आणि एखाद्या बैलाच्या मानेतलं घुंगरू. पलीकडं वेशीवर पुंजाजीच्या नावाची कमान उभी होती, तिच्याखालून आज सकाळीच सगळं गाव बैल धुवायला गेलं होतं. तिच्यापुढं, तोरणाखाली, पाटावरचा तो पांढरा पदर हळूहळू उभा राहिला. भिकाबाईनं दोन्ही हात पुढं केले होते. लेकाला घ्यायला करावेत तसे.

संतरामनं आईकडं पाहिलं. मग साहेबांकडं. त्याच्या तोंडावरून जे गेलं ते बघवत नव्हतं. भाऊ हातातून सुटला तेव्हा तोंड असंच झालं असेल का, कोण जाणे.

"थम!" तो ओरडला. घसा फाटेस्तोवर ओरडला. "थम! मागं फिर! सृष्टे, मागं फिर!"

जन्मभरात साहेबांचा हुकूम त्यानं मोडला तो हा पहिला. सृष्टी दचकून वळली, आणि वळतानाच तिचा पाय पुलाच्या कडेवरून गेला. एक हात वर दिसला. मग तोही दिसेना. नर्मदाबाईची किंकाळी निघाली ती नदीच्याही वर गेली.

दोर ताणला. पोरं तोंडघशी पडली, उठली, पुन्हा धरला. संतराम दोर कमरेला गुंडाळून चिखलात आडवा पडला, टाचा रोवल्या, आणि ओढत राहिला. तोंडानं तो काहीतरी म्हणत होता. नीलांबरीला वाटलं, हुकूम देतोय. जवळ गेली तर तो नुसतं म्हणत होता, "न्हाई सोडत, न्हाई सोडत, अवंदा न्हाई सोडत."

पोरगी काठाला लागली. तोंडातून तांबडं पाणी गेलं, मग खोकला आला, मग रडू. नर्मदाबाईनं तिला छातीशी असं आवळलं की सोडवायला दोघी जणी लागल्या.

मार्तंडराव आता खाली बसले होते, ओल्या गवतावर. बाक परत आला होता. पदकं एका अंगाला लोंबत होती. पोरं दूर उभी राहून त्यांच्याकडं बघत होती. माऊली निरीक्षकांच्या हातातल्या मोबाइलवर तळवा धरून उभा होता. "नका हो साहेब, नका घेऊ हे," एवढंच परत परत म्हणत होता, आणि गाल ओले होते. हसलं कोणी नाही. ते हसण्यापेक्षा बरं होतं की वाईट, हे नीलांबरीला सांगता आलं नसतं.

नर्मदाबाई उठून तिच्यापुढं आली. आवाज चढवला नाही.

"बाईसाहेब, तुमाला ठावं होतं."

"हो."

"कवापासून?"

"संक्रांतीपासून."

नर्मदाबाईनं मान हलवली. हिशेब जुळल्यासारखी. "संक्रांतीपासून रोज पहाटं माझी पोरगी तुमच्या दारात आली. तुमच्या हातचा चहा पेली." मग जरा थांबून, "तुमी त्यायला झाकलं. समद्यांची लेकरं पुढं करून झाकलं." एवढं बोलून ती वळली आणि पोरीला अंगाशी धरून घराच्या वाटेला लागली. नीलांबरीला क्षमा मागायची होती. पण त्या पाठीला हाक मारायचं बळ तिला आलं नाही.

तेवढ्यात पलीकडं आवाज चढला. दिवस टेकायला आला होता. वरच्या आळीतून कोणीतरी बैल पुढं काढला, खालच्या आळीनं कासरा धरला. शिव्या ऐकू यायला लागल्या. कोणीतरी भिकाबाईला हाताला धरून बाजूला नेत होतं. काठ्या अजून खांद्यावरच होत्या, पण हात त्यांच्यावर घट्ट झाले होते. अडवायला मधे कोणी नव्हतं.

"संतराम," गवतावरून आवाज आला. हळू, थकलेला, पण सरळ. "वरच्या आळीचं ते डोकं फिरलेलं पोरगं आहे ना, रुद्र, तोच पुढं झालाय. दरवर्षी तोच आधी उचकतो, चालीवरून कळतं. त्याच्या बापाला फोन लाव. मी बोलतो. दोन शब्द बोललो की मागं सरतील."

नीलांबरीनं चमकून पाहिलं. डोळे स्वच्छ होते. कयाधू दिसत होती त्यांना, येळवी दिसत होती, आजचा दिवस दिसत होता. आत आपला माणूस होता, आणि तो बोलत होता ते खरं होतं.

संतरामनं चिखलाच्या हातानं खिशातून फोन काढला. आणि नंबर लावायच्या आधी त्यानं नीलांबरीकडं पाहिलं.

एवढंच. डोळ्यांनी विचारलं, लावू का?

ते पाहणं मार्तंडरावांनी पाहिलं. जन्मभर माणसांचे डोळे वाचून त्यांनी माणसं पुढं धाडली होती. त्यांना ते वाचायला वेळ लागला नाही.  फोनसाठी पुढं केलेला त्यांचा हात तसाच उघडा राहिला.

पलीकडं पहिली काठी खांद्यावरून वर गेली.  आत्ता डोळे स्वच्छ आहेत. फोन लागेपर्यंत राहतील? दोन शब्द बोलून होईपर्यंत राहतील? की भर भांडणात त्या लोकांना सांगतील, पुंजाजी हाका मारतोय? ह्यापुढं त्यांचा प्रत्येक शब्द आधी तिच्यापाशी येऊन थांबणार होता, आणि सोडायचा की अडवायचा ते तिनं एकटीनं ठरवायचं होतं. सगळा काठ तिच्या तोंडाकडं बघत होता.

तिनं मार्तंडरावांचा तो उघडा हात आपल्या हातात घेतला, आणि संतरामला म्हणाली, "लावा."